बिनबापाच्या माशा आणि मे महिना

लग्नाच्या पंगतीत शेजारचा अनोळखी माणूस हमखास विचारतो, "आपण कुठे होतात?" मी सांगतो, वाडीला होतो, माशा पाळत होतो. तो विचारतो, मधमाशा का? मी म्हणतो, नाही. मग तो जरा सरकून बसतो आणि मठ्ठा कधी येतो याची वाट पाहू लागतो. आमच्या सौ. पलीकडून सावरून घेतात, शेतीच्या प्रयोगशाळेत होते म्हणून सांगतात आणि माझ्याकडे पाहून डोळे मोठे करतात. मला मात्र "माशा पाळत होतो" असंच सांगायला आवडतं. एक तर ते खरं आहे, आणि दुसरं म्हणजे मी त्या उत्तम पाळल्या.

या माशा गांधीलमाशीच्या गोतातल्या, पण इतक्या बारीक की या वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामावर एखादी बसली तर फारशी बाहेर येणार नाही. चावत नाहीत, डंख नाही, माणसाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या अळीचा पतंग पानावर अंडी घालतो. आमची माशी ते अंडं हुडकते आणि त्याच्या आत आपलं अंडं घालते. मग त्यातून अळी निघतच नाही, आणखी एक माशी निघते. फवाऱ्याने अळी मरते ती बोंड खाऊन झाल्यावर. आमच्याकडे ती जन्मालाच येत नसे.

माशा वाढवायच्या तर पतंगाची अंडी हवीत, तीही शेरांनी. त्यासाठी आम्ही धान्यात पडणारे पतंग पाळायचो. लाकडी खोक्यांत ज्वारीचा भरडा, त्यात थोडं शेंगदाण्याचं कूट, आणि वर जाळीचं झाकण. सकाळी नाकाला फडकं बांधून पतंग गोळा करायचे, कारण त्यांच्या पंखांची भुकटी छातीत बसते. त्यांची अंडी चाळायची, डिंकाने कार्डावर चिकटवायची आणि ते कार्ड काचेच्या नळीत माशांपुढे ठेवायचं. रव्याच्या कणीसारखी पांढरी अंडी तीन-चार दिवसांत काळी पडली की समजायचं, आत माशी वाढते आहे. हेच काळं कार्ड शेतकऱ्याच्या हातात जायचं. त्याने ते पानाच्या मागे टाचायचं, बाकी माशा बघून घेत.

आमची प्रयोगशाळा नागपूरच्या वेशीवर वाडीला, अमरावती रोडवर, ट्रक लागतात त्या गल्लीत, भाड्याच्या जागेत होती. पुढे एक हॉल, मागे व्हरांडा आणि दोन खोल्या. दोन्ही बाजूंना धान्याची गोदामं. शेजारचे मुनीमजी मला रोज ऐकवायचे, "वानखडेजी, हम जिसको मारने का पैसा देते हैं, आप उसीको पालने की तनखा लेते हैं." त्यांच्या पोत्यात एक जरी पाखरू उडालं तरी ते आमच्या नावावर जमा व्हायचं. मी दर दिवाळीला त्यांना चिवडा नेऊन द्यायचो. कधी कधी पाखरू खरंच आमचं असायचं.

गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या तर अंक पुरायचा नाही. उमरेडकडचे तुकारामजी कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवून एस्टीत बसले. उन्हाचा दिवस, गर्दी, अंगाची ऊब. दुसऱ्या दिवशी ते तरातरा परत आले. तुमच्या माशा निघाल्याच नाहीत, कार्ड लावलं ते तसंच आहे, अशी तक्रार. मी कार्ड भिंगाखाली धरलं. प्रत्येक काळ्या अंड्याला गोल भोक. माशा निघाल्या होत्या काका, म्हटलं, पण त्या बसमध्येच निघाल्या. तुकारामजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग कंडक्टरच्या वावरात यंदा अळी पडत नाही म्हना." दुसऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी कार्ड वावरात नेण्याआधी देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि साखरेचा नैवेद्य दाखवला. साखरेला मुंग्या आल्या आणि कार्डावरची अंडीही मुंग्यांनी फस्त केली. मावशी रागावल्या नाहीत. मुंगीलाही पोट असतंच, म्हणाल्या, आणि दुसरं कार्ड घेऊन गेल्या.

पण मला आज सांगायचं आहे ते आमच्या मागच्या खोलीबद्दल, आणि कुसुमबाईंबद्दल.

आधी थोडं माशांचं कूळ समजून घ्या. साधारणपणे या जातीत ज्या अंड्याला नराचं बीज मिळालं त्यातून मादी होते. बीज न मिळालेल्या अंड्यातून नर होतो. म्हणजे नराला बाप नसतोच. मधमाशांचंही असंच आहे. आमच्या धंद्याच्या दृष्टीने नर म्हणजे खायला काळ. अंडी हुडकते मादी, अळीचा वंश खुडते मादी. कार्डातून निम्मे नर निघाले तर निम्मं कार्ड वाया.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे बाहेरदेशाहून, हस्ते परहस्ते, एक नळी आली. तिच्यातल्या माशांत नरच नव्हता. माशी जन्मायची, कुणाचं तोंडही न बघता अंडी घालायची आणि त्यातून पुन्हा सगळ्या मुलीच. त्यांच्या मुली, त्यांच्या नाती, सगळ्या माद्या. इथे मुलींनाही बाप नव्हता. का, ते तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. असतात अशा काही जाती, एवढंच पुस्तकात. आम्ही त्या खोलीला "महिला मंडळ" म्हणायचो. प्रत्येक कार्डाचा प्रत्येक दाणा कामाचा. विदर्भात असं कूळ फक्त आमच्याकडे होतं, आणि त्याचा आम्हाला गर्व होता. माझी कॉलर तेव्हा जरा ताठच असे.

खोलीचे नियम आमचे प्रमुख पाठक साहेब यांनी घालून दिलेले होते आणि ते देवळासारखे पाळले जात. साध्या माशांच्या खोलीत जाऊन आलेल्याने महिला मंडळात पाय ठेवायचा नाही. आत खाणंपिणं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की आतली नळी बाहेर गेली तर ती बाटली. ती परत आत घ्यायची नाही, जाळायची. नेणाऱ्यालाही कामावर ठेवायचं नाही. हे वाचून कडक वाटेल, पण एकदा साध्या माशा कुळात मिसळल्या की ते निवडणं म्हणजे दुधात पडलेलं पाणी वेगळं काढणं. पाठक साहेब तसे मऊ माणूस. फक्त या बाबतीत ते कुणाचे नव्हते.

ही खोली कुसुम मेश्राम सांभाळत. सगळे त्यांना कुसुमबाई म्हणायचो. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन सक्करदऱ्याला भावाजवळ राहत. रोज अख्खं शहर ओलांडून दोन बस बदलून वाडीला येत. रोजंदारीवर होत्या आणि त्या हंगामानंतर त्यांना कायम करायचं ठरलं होतं. हात असा हलका की नळीला बोटाने टिचकी मारून त्या माशा एका नळीतून दुसरीत उतरवत, तेव्हा एकही माशी चिरडत नसे. मी चिरडायचो. कुसुमबाई माशांशी बोलतही. "चाला, वर चाला," असं म्हणत त्या नळीचं तोंड उजेडाकडे धरायच्या आणि माशा खरंच वर चालू लागायच्या. माशा उजेडाकडे जातातच, हे मला माहीत होतं. तरी त्यांनी म्हटल्यावर जास्त लवकर जातात असं वाटायचं.

एका मे महिन्याच्या सुरुवातीला शेतकऱ्यांचा मेळावा आमच्या हॉलमध्ये घ्यायचं ठरलं. नागपूरचा मे परक्याला सांगून कळत नाही. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं आणि रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. हॉलमध्ये पाहुणे बसवायचे तर कूलर पाहिजे. मोठा कूलर आमच्याकडे एकच, तो महिला मंडळात. पाठक साहेबांनी तीन-चार दिवसांसाठी तो हॉलमध्ये लावायला सांगितलं. मागच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावली, तिच्यावर पाणी मारायची व्यवस्था केली. माशा मेल्या नाहीत. मेळावा झाला, भाषणं झाली, कूलर परत जागेवर आला. कुणाला काही वाटलं नाही.

त्यानंतर एक पिढी उलटली. आमच्या माशांची पिढी म्हणजे आठवडा-दहा दिवस. आणि मुख्य कार्यालयातले मोठे साहेब पाहणीला आले. हे कूळ दुसऱ्या प्रयोगशाळांना वाटायचं घाटत होतं, म्हणून ते खात्री करायला आले होते. त्यांनी एक नळी मागितली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग मला बोलावलं. मी पाहिलं. मादीच्या मिशा टोकाला मुसळासारख्या फुगीर असतात, नराच्या मिशांना लांब लांब केस. भिंगाखाली केसाळ मिशांचे दोन नर ऐटीत फिरत होते. दुसऱ्या नळीत होते. तिसरीतही होते.

मोठे साहेब कुसुमबाईंकडे वळले. "या खोलीत नर आला कुठून?" त्यांनी विचारलं. दाराशी उभे असलेले दोघे-तिघे गालात हसले. साहेबांच्या मनात वावगं काही नसेल, पण विधवा बाईला चारचौघांत तो प्रश्न ज्या तऱ्हेने लागला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मला इतका संताप आला की मी त्या हसणाऱ्यांना बाहेर काढलं. कुसुमबाई खाली बघून एवढंच म्हणाल्या, "बाहेरचं कोणी आलं नाही साहेब. म्या येऊच देलं नाही."

त्यांच्यावर विश्वास ठेवायला जागा नव्हती, हेही खरं. नर निघाले तो आठवडा खोली त्यांच्याच हातात होती. साध्या माशा आत शिरल्या, हाच एक सरळ अर्थ. मोठ्या साहेबांनी निर्णय सांगितला. ते अकोल्याला चालले होते, आठवड्याने परत येणार होते. तोवर सगळ्या नळ्या तपासून कुळात किती भेसळ झाली ते काढायचं. मग कूळ जाळायचं आणि कुसुमबाईंना घरी पाठवायचं. पाठक साहेब काय बोलणार? नियम त्यांचाच होता.

तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी नळ्या एकेक करून काचपट्टीवर पालथ्या करत होतो. मादी, मादी, नर, मादी. मनात म्हणत होतो, या बाईने अशी हयगय केली कशी? आणि एक माशी अशी आली की मी भिंग पुसलं. तिची डावी मिशी मुसळासारखी होती आणि उजवी केसाळ. मी डोळे चोळले, पट्टी फिरवली. अर्धी मादी, अर्धा नर. देवळात अर्धनारीनटेश्वर पाहिला होता, तो आता काचपट्टीवर चालत होता. थोड्या वेळाने दुसरी सापडली, मग तिसरी.

मी पाठक साहेबांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली. साधी माशी बाहेरून आली असती तर तिची पोरं पुरती नर असती नाहीतर पुरती मादी. असं अर्धंमुर्धं प्रकरण तिच्याकडे होत नाही. हे ज्यांच्या पोटी झालं, त्या माशा मुली घडवता घडवता मध्येच अडखळल्या होत्या. म्हणजे नर बाहेरचे नव्हते. ते याच आयांचे होते. पण या आया इतकी वर्षं मुलीच देत आल्या, त्या आताच का अडखळल्या? एवढं सांगता आलं नाही तर मोठे साहेब ऐकणार नव्हते. तीन-चार विचित्र माशांवर कोण निकाल फिरवतो?

त्याच दुपारी कुसुमबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. "साहेब, मले एक सांगा लागते," त्या पाठक साहेबांना म्हणाल्या. "मले काढाचं तं काढा. पण सगळ्यायले जाळू नका. थोड्याशा चांगल्या आहेत."

आम्हाला काही कळेना. त्या आम्हाला व्हरांड्यात घेऊन गेल्या. तिथे आमचा पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं असे. त्यांनी मागचं गोणपाट उचललं. रांजण आणि भिंत यांच्या मधल्या बोळीत, मुंग्या लागू नयेत म्हणून पाणी घातलेल्या परातीत एक पाट, आणि पाटावर नळ्यांची छोटी ओळ. कूलर काढला त्या दिवशी त्यांनी खोलीतल्या थोड्या नळ्या इथे आणून ठेवल्या होत्या. खोलीत त्या मरतील अशी भीती वाटली, म्हणाल्या. कूलर परत आला तेव्हा त्या परत ठेवाव्यात तर बाटलेली नळी आत नेल्यासारखं झालं असतं, आणि जाळाव्यात तर हात धजेना. म्हणून तिथेच नळीत त्यांना खायला मध लावला, नवी अंडी दिली, पुढची पिढी काढली. तोंड उघडलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. गप्प बसल्या तर भेसळीच्या आरोपावर जाणारच होती. पण त्यांना बोलायला लावलं ते नोकरीने नाही, कूळ जाळायचं ठरलं म्हणून त्या बोलल्या.

मी नळ्या आत नेल्या नाहीत. नियम तो नियम. सूक्ष्मदर्शकच व्हरांड्यात आणला. ओळीतली प्रत्येक नळी तपासली. मुसळासारख्या मिशा, सगळ्यांच्या दोन्ही. एक नर नाही, एक अर्धी नाही. एकाच कुळाच्या, एकाच घरातल्या माशा. एक वाटा उकाड्यात राहिला, एक वाटा ओल्या गोणपाटाच्या गारव्यात. उकाड्यात ज्या वाढल्या त्यांच्या पोटी नर आले. पाठक साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. "कूलर मी हलवला होता," ते म्हणाले.

आता इथे गोष्ट जरा थांबवून, आज जे माहीत आहे ते सांगतो, कारण वाचक चुटपुटत असतील. पुढे बऱ्याच वर्षांनी, परदेशातल्या संशोधकांनी याचं कारण शोधून काढलं. या माशांच्या अंड्यात एक जिवाणू राहतो. आईच्या पेशीत तो राहतो, तिथून अंड्यात उतरतो, अंड्यातून मुलीत, मुलीच्या अंड्यातून नातीत. नराच्या बीजात त्याला बसायला जागाच नाही. म्हणजे मुलगा झाला की जिवाणूची गल्ली तिथेच बंद. मग हा पठ्ठ्या काय करतो? जे अंडं बापाविना नर झालं असतं, त्यातली आईकडून आलेली गुणसूत्रांची अर्धी शिदोरी तो दुप्पट करून घेतो आणि त्याची मादी बनवतो. मुलीच मुली, म्हणजे त्याला घरंच घरं.

तो पसरतो कसा तेही सोपं आहे. दोन माशा घ्या, सारखीच अंडी घालणाऱ्या. एकीला निम्मे मुलगे, एकीला सगळ्या मुली. अंडी घालणार त्या मुलीच, म्हणून दुसरीचा गोतावळा दर पिढीला दुपटीने पुढे जातो. वावरात शेजाऱ्याच्या हद्दीतून हरळी यावी तसा. जिवाणू कुणाला लागण करत फिरत नाही, चावून जात नाही. नुसता आयांच्या पदराला धरून पिढ्यान् पिढ्या टिकतो.

मग सगळ्या जगातल्या माशा अशा का झाल्या नाहीत? कारण त्याला उष्णता सोसत नाही. अंडं नीट शेकलं गेलं की आतले जिवाणू कमी होतात. थोडे कमी झाले तर काम अर्धवट होतं आणि अर्धनारी निघते. पुरते गेले की मुलगे. आणि शेक लागतो आईला ती कोवळी असताना, दिसतो तो तिच्या पोरांत. म्हणूनच कूलर गेला एका आठवड्यात आणि नर निघाले दुसऱ्या आठवड्यात, आणि बोट कुसुमबाईंकडे गेलं. आम्ही हे कूळ वर्षानुवर्षं उमरेडकडच्या वावरांत सोडत होतो आणि पुढच्या हंगामात तिथून आणलेल्या अंड्यांत नर आणि माद्या दोन्ही निघायचे. आम्ही समजायचो, ती जुनी गावरान जात. त्यातल्या काही आमच्याच असाव्यात, मेच्या उन्हाने जिवाणू मारून बरा केलेला संसार. उकाड्याचा संबंध आम्ही पकडला होता, पण त्याच्या आतला जिवाणू आमच्या हाती लागला नाही, याची हळहळ वाटते. त्याहून जास्त वाटते ती पाठक साहेब हे कळायच्या आधीच गेले याची. त्यांना फार आनंद झाला असता.

असो. मोठे साहेब अकोल्याहून परतले. पाठक साहेबांनी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी लावले. एकाखाली खोलीतल्या माशा, दुसऱ्याखाली रांजणामागच्या. अर्धनारीची काचपट्टी वेगळी. मोठे साहेब माणूस खरा होता. त्यांनी घाई केली नाही. आलटून पालटून बराच वेळ पाहिलं, एका अर्धनारीपाशी तर "वा" असंही म्हणाले. मग उभे राहिले आणि म्हणाले, मान्य, नर बाहेरून आले नाहीत.

कुसुमबाई व्हरांड्याच्या खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल-नसेल, तोच मोठे साहेब पुढे बोलले. खोलीतलं कूळ उष्णतेने बिघडलं आहे, ते ठेवण्यात अर्थ नाही. रांजणामागचं कूळ शुद्ध आहे, पण ते खोलीबाहेर होतं. बाहेर गेलेली नळी जाळायची आणि नेणाऱ्याला काढायचं, हा नियम तुमचाच आहे, पाठक. आज अपवाद केला तर उद्या प्रत्येकजण आपल्या दयेपोटी नळ्या घरी नेईल.

ते बोलत होते त्यात एक अक्षर चूक नव्हतं. डोळ्यांपुढे सगळं दिसत होतं. कूळ राखलं तीच बाई जाणार, आणि तिने राखलेलं कूळही जाणार. मला रडू येईल असं वाटलं, आणि मी काही तेव्हा पोर नव्हतो.

पाठक साहेब सावकाश रांजणापाशी गेले. झाकण काढलं, पेलाभर पाणी घेतलं, उभ्याउभ्या प्यायले, पेला पालथा घातला. मग वळून म्हणाले, "रांजण खोलीत धरलेला आहे."

"म्हणजे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ही बोळी मागच्या खोलीचा भाग आहे. त्यामुळे नळ्या खोलीबाहेर गेल्याच नाहीत."

"कधीपासून?"

"एक मेपासून. कूलर हलवायच्या आधी खोली मी इथपर्यंत वाढवली. लेखी करायचं तेवढं राहून गेलं."

आयुष्यात कधी सुट्टीच्या अर्जावरही मागची तारीख न घातलेला माणूस हे सरळ चेहऱ्याने सांगत होता. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. त्यांनी रांजणाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदाच कुसुमबाईंकडे माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "मग लेखी करून टाका," ते म्हणाले. "आणि बाई, त्या दिवशी मी बोललो ते मनात ठेवू नका."

कुसुमबाईंनी मान हलवली. डोळ्यांना पदर लावला होता, तो काढला आणि सगळ्यांकडे पाहून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "पण साहेब, खोलीत तं खाणंपिणं मना आहे न. मंग आता पाणी प्याले आमी कोठं जावं?"

पाठक साहेब पालथ्या घातलेल्या ओल्या पेल्याकडे बघत राहिले. मग मोठे साहेबच आधी हसले.

महिला मंडळ पुन्हा उभं राहिलं ते त्या पाटावरच्या नळ्यांतून. पुढे ज्या ज्या प्रयोगशाळांना ते कूळ गेलं, त्यातली एकूणएक माशी त्या बोळीतल्या आयांची लेक, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. कुसुमबाई त्या पावसाळ्यात कायम झाल्या. बोळीला दार बसलं, पाटी लागली, आणि रांजण नियमाप्रमाणे पिण्यासाठी बंद झाला. उन्हाळा संपेपर्यंत आम्ही सगळे, पाठक साहेबांसकट, भर उन्हात रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर पाणी प्यायला जात होतो, आणि एकानेही कुरकुर केली नाही.